प्रयोगवहीतील साक्ष

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी जो अहवाल लिहितो, त्याचा नीतीशी काही संबंध आहे असे सहसा कोणी मानीत नाही. अहवाल म्हणजे गुणांचा भाग. तो वेळेवर पुरा करावा, सही घ्यावी आणि परीक्षेच्या दिवशी टेबलावर ठेवावा, एवढीच त्याची मातब्बरी. तथापि माणूस खोटे लिहिण्यास प्रथम कोठे शिकतो याचा विचार करू लागलो की आम्हांस वारंवार या वहीपाशीच यावे लागते. लहान मूल खोटे बोलते ते शिक्षेच्या भीतीने, आणि आपण खोटे बोलतो आहोत हे त्यास पुरते ठाऊक असते. प्रयोगवहीतले खोटे निराळ्या जातीचे आहे. ते उघडपणे, तक्त्याच्या रेघा आखून, दशांशचिन्हासह लिहिले जाते. त्याखाली अध्यापकांची सही होते. आणि लिहिणाऱ्यास आपण काही वावगे केले असे क्षणभरही वाटत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर अशी एखादी वही अजून असेल. जाड पुठ्ठ्याची, डावीकडचे पान कोरे, उजवीकडचे रेघांचे, आणि आरंभी प्रमाणपत्राचे पान. प्रत्येक प्रयोगाचे मथळे ठरलेले: उद्देश, साहित्य, सूत्र, कृती, निरीक्षणे, आकडेमोड, निष्कर्ष, दक्षता. बेळगावात १९३३ मध्ये लिंगराज कॉलेज निघाले व १९४५ मध्ये राणी पार्वतीदेवी कॉलेज. त्यापूर्वी आपल्या घराण्यांतील मुले सांगलीच्या विलिंग्डनला, कोल्हापूरच्या राजारामला किंवा पुण्यास फर्ग्युसनला जात. मुंबई विद्यापीठ गेले, धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आले, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे. अभ्यासक्रम कितीदा तरी बदलले. वहीतील मथळे मात्र जवळजवळ तेच राहिले, आणि साध्या लंबकाच्या प्रयोगाखालचे उत्तरही तेच राहिले: ९८० किंवा ९८१.

हा आकडा म्हणजे गुरुत्वत्वरण, सेंटिमीटर आणि सेकंदाच्या मापात. प्रयोग सर्वांस ठाऊक आहे. दोऱ्याला पितळी गोळी बांधायची, टांगायची, किंचित बाजूस नेऊन सोडायची, आणि वीस हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते पाहायचे. लंबकाची लांबी एक मीटर असेल तर वीस हेलकाव्यांस सुमारे चाळीस सेकंद लागतात. आता घड्याळाची कळ दाबणारा अंगठा हा माणसाचा अंगठा आहे. तो एक दशांश ते दोन दशांश सेकंद मागेपुढे होणारच. चाळीस सेकंदांत दोन दशांश म्हणजे अर्धा टक्का. आणि सूत्रात काळाचा वर्ग असल्याने उत्तरात ही चूक दुप्पट, म्हणजे एक टक्का होते. याचा अर्थ असा की प्रामाणिकपणे काम करणाऱ्या विद्यार्थ्याचे एकेक वाचन घेतले तर कधी ९७० येईल, कधी ९८८ येईल, आणि त्यात त्याचा काडीमात्र दोष नसेल. एका वर्गातील चाळीस वह्यांत चाळीस वेळा ९८० आणि ९८१ यांच्या दरम्यानचेच उत्तर दिसले, तर ती वर्गाची कुशलता मानावयाची नाही. तेवढी कुशलता त्या घड्याळात आणि त्या अंगठ्यात नाहीच. त्या चाळीस वह्या एकच गोष्ट सांगतात: उत्तर अगोदर लिहिले आणि वाचने मागाहून.

यातली गंमत पुढेच आहे. ९८१ हे उत्तर बेळगावचे नव्हेच. पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे व स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्ताकडे जावे तसे गुरुत्वत्वरण घटत जाते. उंचीवर गेल्यानेही थोडे घटते. पाठ्यपुस्तकातला आकडा युरोपातील मध्यम अक्षांशांच्या जवळचा. १९०१ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ९८०.६६५ हा प्रमाण आकडा ठरवून टाकला, तोही पंचेचाळीस अंश अक्षांशावरील समुद्रसपाटी मनात धरून. आपले गाव सोळा अंशांच्याही अलीकडे आणि समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच. येथील खरे मूल्य ९७८ च्या आसपास आहे. म्हणजे आमच्या कॅम्पातला एखादा विद्यार्थी जेव्हा वाचने ओढूनताणून ९८१ वर आणतो, तेव्हा तो असत्यासाठी सत्य मोडतो असेही नाही. तो दुसऱ्या गावच्या सत्यासाठी आपल्या गावचे सत्य मोडतो. (९७८ आणि ९८१ यांतला फरक वीस हेलकाव्यांत सहा शतांश सेकंदांचा, म्हणजे अंगठ्याच्या चुकीखाली तो सहज बुडतो, हे खरे. पण मग तसे लिहावे.)

या फरकाचा शोध लागला तोच मुळी एका माणसाने आपले वाचन मोडले नाही म्हणून. १६७२ मध्ये झां रिशे हा फ्रेंच निरीक्षक दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर काएन येथे ग्रहांचे वेध घेण्यासाठी गेला. पॅरिसमध्ये बरोबर लावलेले त्याचे लंबकाचे घड्याळ तेथे दिवसाकाठी सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक सुमारे पावणेतीन मिलिमीटर आखूड केला तेव्हा ते वेळ बरोबर दाखवू लागले. रिशेने ते अनेक महिने पुन्हापुन्हा तपासले आणि जसेच्या तसे नोंदले. परत आल्यावर विद्वानांनी शंका घेतल्या. उष्णतेने धातू लांबला असेल, माणसाची चूक असेल, असे तर्क झाले. पुढे न्यूटनने १६८७ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वी चपटी असल्याच्या विवेचनात हीच नोंद वापरली. रिशे आजच्या एखाद्या प्रयोगशाळेत असता तर ‘पॅरिसचे उत्तर येत नाही, पुन्हा कर’ असे त्यास सांगण्यात आले असते, आणि तिसऱ्या खेपेस त्याने ते आणूनही दाखविले असते.

आपल्याकडे हा वाद काही नवा नाही. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ रचला. त्यांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः आकाशाचे वेध घेऊन जुन्या गणिताशी ताडून पाहणारे होते. त्या ग्रंथावर महाराष्ट्रातील पंचांगे पुढे तीनशे वर्षांहून अधिक काळ चालली, आणि हळूहळू कागदावरचा ग्रह आणि आकाशातला ग्रह यांत अंतर पडत गेले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आणि त्यानंतर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी (हे आपल्याच मुलखातले, नरगुंदला जन्मलेले आणि बागलकोटास शिक्षक असलेले) दृक्प्रत्ययाचा आग्रह धरला. दृक्प्रत्यय म्हणजे गणित डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी जुळले पाहिजे. कोणते पंचांग मानावे यावरून घराघरांत झालेले तंटे वडीलधाऱ्या वाचकांनी ऐकले असतील. त्या तंट्याची धार्मिक बाजू सोडून दिली तरी प्रश्न तोच राहतो: ग्रंथातला आकडा व डोळ्यांपुढचा आकडा यांचे जमेना, तर खोडावा कोणता? केशव दैवज्ञांना जो प्रश्न पडला तो आपल्या नातवंडांना प्रयोगशाळेत पडतच नाही, कारण तेथे उत्तर अगोदर ठरलेले असते.

येथे विद्यार्थ्याची बाजू मांडणे न्यायाचे होईल. दोन तासांत प्रयोग उरकायचा, तिघाचौघांत एक उपकरण, घड्याळ अडखळणारे. बाह्य परीक्षक येतात ते एकेका वहीस मिनिटभरही देऊ शकत नाहीत. त्यांची नजर शेवटच्या ओळीवर पडते. तेथे ९८१ असेल तर गुण पडतात, ९६४ असेल तर प्रश्न पडतात. ज्याला प्रश्न नको आहेत त्याने काय करावे? त्यात भाषेची अडचण वेगळीच. आपल्याकडचा मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, आणि वही लिहितो इंग्रजीत. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला ‘दोरा थोडा घसरला म्हणून तिसरे वाचन जास्त आले’ हे साधे वाक्य इंग्रजीत लिहिता येत नाही, म्हणून तो ते लिहीतच नाही. मागल्या वर्षीच्या वहीतील वाक्ये उतरवून काढतो. त्या वाक्यांत कर्ता नसतो. लांबी ‘मोजण्यात आली’, काळ ‘नोंदविण्यात आला’. आम्ही तीन दशकांहून अधिक काळ सरकारी कागद हाताळल्यामुळे या प्रयोगाची चव आमच्या जिभेवर आहे. ‘कार्यवाही करण्यात आली’ असे लिहिले की कोणी केली हे विचारण्याची सोय राहत नाही. विज्ञानाच्या अहवालात कर्ता गाळण्याची प्रथा निरीक्षण कोणत्याही माणसाच्या हातून तेच यावे, या चांगल्या हेतूने आली असेल. पण जेथे हात अजून शिकतो आहे तेथे त्या हाताची खूण राहू द्यावी हे बरे.

आणि तरीही विद्यार्थी सर्वस्वी निर्दोष ठरतो असे आम्हांस वाटत नाही. निष्कर्षाचा रकाना व निरीक्षणाचा रकाना यांत भेद आहे. निष्कर्ष चुकू शकतो. त्यासाठी गुण कमी व्हावेत, हे योग्यच. निरीक्षण मात्र चुकीचे असू शकते ते केवळ भोंगळपणाने, आणि तो भोंगळपणाही जसाच्या तसा नोंदला तर उपयोगी पडतो. निरीक्षणाच्या रकान्यात लिहिणे म्हणजे ‘मी तेथे होतो आणि मला हे दिसले’ असे म्हणणे. ती साक्ष होय. न्यायालयात साक्षीदाराला आपण घटनेचा अर्थ विचारीत नाही, दिसले काय ते विचारतो. जो साक्षीदार निकाल काय लागावा हे पाहून साक्ष बेततो, त्याला कोणी हुशार म्हणत नाही.

प्रयोगशाळा आणि कचेरी यांतील एक विरोधाभास आम्हांस फार दिवस खटकत आलेला आहे. महसुलाच्या नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. चुकीची नोंद झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारावयाची, खालचे वाचता येईल अशी; शेजारी नवी नोंद करावयाची आणि सही व तारीख घालावयाची. खोडरबर किंवा पांढरी शाई दिसली की तपासणी अधिकाऱ्याच्या भुवया उंचावल्याच. प्रयोगशाळेत याच्या उलट. तेथे कच्ची वही पेन्सिलीने लिहितात आणि पक्की वही घरी बसून सुवाच्य अक्षरात. कच्ची वही पुढे रद्दीत जाते. म्हणजे मूळ दस्तऐवज नष्ट करून नक्कल जपून ठेवायची! कारकुनाने असे केले असते तर त्याची चौकशी लागली असती. स्वच्छ पान म्हणजे खरे पान, हा समज मुलांच्या मनात येथे रुजतो. आणि खोडलेल्या, डागाळलेल्या, समासात ‘वारा आला’ असे लिहिलेल्या पानाचा पुरावा म्हणून किती मोठा मान आहे, हे त्यांस कोणी सांगत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. थोर शास्त्रज्ञही वाचने निवडून घेतात, मग पोरांवर एवढा कटाक्ष का? रॉबर्ट मिलिकन यांचे उदाहरण यासाठी देतात. तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा त्यांचा निबंध १९१३ मध्ये आला. त्यात अठ्ठावन्न थेंबांची मोजमापे होती आणि सलग साठ दिवसांत पाहिलेले सारे थेंब हेच, निवडलेले नव्हेत, असे त्यांनी लिहिले. पुढे त्यांच्या वह्या तपासल्या गेल्या तेव्हा थेंब त्याहून पुष्कळ अधिक, पावणेदोनशेच्या घरात निघाले. वगळलेल्या कित्येकांना कारणे होती. उपकरण बिघडले होते, थेंब फार लहान होता. अनुभवी माणसाला असा निवाडा करण्याचा अधिकार आहे हे आम्ही मान्य करतो. वगळल्याचे सांगितले नाही, इतकेच खटकते. ते सांगण्यास एक ओळ पुरली असती. मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्यांचे उत्तर बरेचसे बरोबरही होते. बरेचसे, कारण हवेच्या चिकटपणाचा त्यांनी घेतलेला आकडा थोडा चुकला होता, त्यामुळे भार थोडा कमी आला. रिचर्ड फाइनमन यांनी १९७४ च्या एका भाषणात दाखवून दिले की त्यानंतर इतरांनी केलेली मोजमापे एकदम खऱ्या आकड्यावर गेली नाहीत. ती एकेक पाऊल सरकत गेली. ज्याचे उत्तर मिलिकनपासून फार दूर आले त्याने आपली चूक कसून शोधली, जवळ आले त्याने शोधली नाही. हे सारे प्रौढ, नामांकित लोक. कोणी लबाडी केली नाही. अपेक्षित उत्तर ठाऊक असले की डोळा कोणत्या बाजूस अधिक तपासतो, एवढेच त्यावरून दिसते. जाणत्यांची ही गत, तर सतरा वर्षांच्या मुलापुढे उत्तर अगोदर ठेवून त्याच्याकडून निर्मळ निरीक्षणाची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

वाचक म्हणतील, लंबकाचे काय एवढे? त्याने कोणाचे नुकसान झाले? लंबकाने नाही झाले. पण ती वही लिहिणारी मुलेच पुढे पाटबंधाऱ्यात, महसुलात, आरोग्यखात्यात जातात. खानापूरच्या पावसात सकाळी साडेआठ वाजता छत्री घेऊन पर्जन्यमापकापाशी जाणे कष्टाचे असते. एका बैठकीत भरलेली पावसाची नोंदवही आम्ही पाहिली आहे. शाई एक, अक्षराचा कल एक, आणि आकड्यांच्या शेवटी शून्य व पाच यांची गर्दी. खरा पाऊस शून्य आणि पाच यांवर असे प्रेम करीत नाही. अशा नोंदींवरून पूल किती उंच बांधावा हे ठरते.

पीक कापणीच्या प्रयोगाचे तर आणखी जवळचे आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत असताना १९४० च्या दशकात त्यांनी शेतातील उत्पन्न मोजण्याची पद्धत घडविण्यात मोठा वाटा उचलला. त्यांच्या ध्यानात आले की मोजणीचा तुकडा जितका लहान, तितके उत्पन्न फुगून येते. कारण कडेवरचे झाड आत घ्यावे की बाहेर ठेवावे अशी वेळ आली की कापणाऱ्याचा हात ते आत घेण्याकडे झुकतो. त्यात लबाडी नसते, भरल्या कणसाची ओढ असते. तुकडा लहान असला म्हणजे त्यात कडेचा भाग मोठा, म्हणून चूकही मोठी. सुखात्म्यांनी माणसाच्या हातावर रागावण्याऐवजी तुकडा मोठा करावयास सांगितले. आज २०१६ पासूनच्या पीक विमा योजनेत गावाचे सरासरी उत्पन्न मुख्यत्वे अशा कापण्यांवरूनच ठरत आले आहे आणि भरपाई त्यावरून मिळते. भाताच्या शेतात खुंट्या रोवून, दोरी ताणून पाच मीटरचा चौरस आखायचा, कापून, झोडपून, वजन करून लिहायचे. बांधावर बसून मागल्या वर्षीचा आकडा थोडा फिरवून लिहिणे सोपे असते. तो आकडा ‘अपेक्षित’ही दिसतो, म्हणून कोणी प्रश्न विचारीत नाही. मात्र त्या वर्षी ओंबीत दाणा भरलेला नसतो, आणि ज्याच्या ओंबीत दाणा नाही त्याला भरपाई मिळत नाही, कारण कागदावर दाणा भरलेला आहे.

तेव्हा अहवालाकडून अपेक्षा काय ठेवावी? आमच्या मते गुण उत्तराला थोडे आणि नोंदीला फार असावेत. उत्तर ९६४ आले तर ते ९६४ च राहू द्यावे, आणि किती मागेपुढे असू शकते व का, हे दोन ओळींत विचारावे. त्या दोन ओळी मराठीत किंवा कन्नडमध्ये आल्या तर त्या मान्य कराव्यात. कच्ची वहीच तपासावी. आता मित्राच्या वहीचे छायाचित्र मोबाइलवर क्षणात येते, आणि यंत्राला सांगितले तर उद्देशापासून दक्षतेपर्यंत सारे सुरेख इंग्रजीत, निरीक्षणांच्या तक्त्यासह तयार मिळते. वाचनांत थोडी नैसर्गिक गडबडही ते घालून देते म्हणतात. तेव्हा सुवाच्य पक्क्या वहीला गुण देण्यात उरले काय? यंत्राला एवढेच करता येत नाही की ते लंबकाजवळ उभे नव्हते.

काही अध्यापक आता ज्याचे उत्तर पुस्तकात नाही असेच मोजायला देतात, असे ऐकतो. ही वाट आम्हांस पसंत आहे. कॅम्पातील जुन्या बंगल्यांत राहणाऱ्यांना तर ती घरबसल्या करता येईल. उंच छताच्या तुळईला दोरा टांगून खाली जमिनीच्या जरा वर एक दगड बांधावा आणि नातवाला घड्याळ द्यावे. येथे गुरुत्वत्वरण ९७८ धरायचे आणि उलट, लांबी काढायची. एका हेलकाव्यास चार सेकंद लागले तर दोरा चार मीटरांना काहीसा कमी भरेल. त्या तुळईची उंची कोणत्याही पुस्तकात नाही, आजोबांनाही ठाऊक नाही. त्याने वाचने लिहून झाल्यावर, आणि ती शाईने लिहून झाल्यावरच, शिडी लावून टेप वर न्यावी. शिडी धरायला मात्र कोणीतरी खाली उभे राहावे. त्या तुळया खरोखरच फार उंच आहेत.